दुसरी बाटली

हौसा, काल तुझा दहावा झाला. ओढ्याकाठी पिंड ठेवले आणि कावळा लगेच शिवला. तुझ्या जावांनी हात जोडले, म्हणाल्या, बाईचं काही मागं राहिलं नव्हतं. मी सगळ्यांच्या मागं उभी होते. मला त्या कावळ्याचा इतका राग आला, की खाली वाकून धोंडा उचलावासा वाटला. काही राहिलं नव्हतं म्हणे. मग मी दोन वर्षं काय उराशी धरून बसले होते?

मेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. जिवंतपणी तुझ्यापुढं बोलायची सोय नव्हती, तू एकाला चार ऐकवायचीस. आता ऐकून घ्यायची पाळी तुझी. तू मला फसवलंस, हौसा. परक्यानं फसवलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तुला शिवी घालायची तर आधी तुझ्यासारखी शिवी यायला हवी, आणि तीही तूच शिकवलेली.

मी वाईची, घाटावर वाढलेली. मास्तरांची बदली या गावातल्या शाळेत झाली तेव्हा मला चुलीवर भाकरी येत होती, पण ओढ्यातून पाणी काढता येत नव्हतं. पहिल्या दिवशी घागर घेऊन गेले आणि वाहत्या पाण्यात बुडवायला लागले. तू पलीकडं धुणं आपटत होतीस. तिथूनच ओरडलीस, "आवं मास्तरीणबाई, त्ये म्हसराचं पाणी हाय. मास्तराला रवंथ करायला लावताय का काय?" सगळ्या बाया हसल्या. मला रडू आलं. मग तूच धुणं टाकून आलीस आणि मला झिरा कसा काढायचा ते दाखवलंस. वाळूत हातभर खड्डा घ्यायचा. येईल ते पहिलं पाणी करवंटीनं उपसून टाकायचं. दुसरंही टाकायचं. तिसऱ्यांदा पाणी भरून आलं की ते घ्यायचं, आणि तेही घागरीच्या तोंडावर जुन्या धोतराचं चौपदरी फडकं टाकून, गाळून. "पयलं वाळूचं, दुसरं जनावराचं, तिसरं माणसाचं," तू म्हणालीस. मी ते पाठ केलं. पंधरा दिवसांत माझाही हात बसला आणि मास्तरीणबाईची मी सुमी झाले.

बाहत्तरच्या दुष्काळात आपण दोघी खडी फोडायला शेजारी बसायचो. तुझे फौजी एकाहत्तरच्या लढाईवरून परत आपल्या पलटणीत गेलेले, महिन्याला एक पत्र यायचं. ते मी वाचायची आणि वाचताना तू माझं तोंड बघायचीस, मी काही गाळते का म्हणून. गावोगावच्या विहिरींनी तळ दाखवला, पण आपल्या ओढ्याचा झिरा आटला नाही. कवठे महांकाळकडची तुझी बहीण लेकरं घेऊन आली होती, आठवतं? झिऱ्यातून निघालेली घागर बघून ती मटकन वाळूत बसली. "एवढं पाणी, आक्का?" म्हणाली. तू तिला घोटभर पाणीसुद्धा गाळूनच दिलंस. ती म्हणाली, दे गं तसंच, जीव चाललाय. तू म्हणालीस, जीव जाईना का, माझ्या हातनं न गाळता पाणी जायचं न्हाई.

हे वाक्य मी पुढं किती वेळा आठवलं असेन.

मग साखर कारखान्यानं मळीपासून स्पिरीट काढायला सुरुवात केली आणि मळीचं सगळं घाण पाणी वरच्या अंगानं ओढ्यात सोडलं. पहिल्या सकाळी मासे पोट वर करून तरंगायला लागले. गाव खूश झालं. जाळं नको, गळ नको, पाट्या भरभरून मासे. तूही पाटीभर आणलेस. कालवण केलंस आणि वाटी घेऊन माझ्याकडं आलीस, खायला नव्हे, हुंगायला. "सुमे, बघ बरं. माशाला काकवीचा वास येतोय." आलाच. दोन दिवसांनी म्हशींनी ओढ्याला तोंड लावायचं सोडलं. आठ दिवसांत झिऱ्याचं पाणी पिवळट झालं, भांड्याच्या तळाशी तेलकट साय धरायला लागलं. महिन्यात निम्म्या गावाच्या पोरांच्या अंगावर खाजेचे चट्टे उठले.

बाप्ये गप्प होते. त्यांचं गप्प राहणं मला तेव्हा कळलं नाही, तू समजावलंस. ऊस त्याच कारखान्याला जायचा. तोंड उघडलं तर तोडीला टोळी येणार नाही, फड जाग्यावर वाळेल. सरपंचांनी चावडीत हात झटकले, म्हणाले, "कारखाना आपलाच हाय. आपल्याच आईला नावं ठेवायची व्हय?" तू दारातून म्हणालीस, "सरपंचमामा, आईनं ईख पाजलं तर बाळानं रडायचं बी न्हाई का?" ते म्हणाले, बायांनी चुलीपुढं बघावं.

त्याच आठवड्यात आपण चाळीस बाया घागरी घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेलो. मला भाषण लिहून दिलं होतं मास्तरांनी, मी ते विसरले. तू पुढं झालीस. मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर गुळाचा खडा ठेवलास, शेजारी झिऱ्याच्या पाण्याचा तांब्या ठेवलास. "आमच्यात पावण्याला गूळपाणी देत्यात, सायेब. आदी गूळ खावा, मग ह्ये पाणी प्या. तुमी पिलासा की आमी गप घरी जातो." त्यांनी गुळाकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं, आणि घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. परत येताना आपण सगळ्या रस्त्यानं हसत होतो. माझ्या आयुष्यात मला इतकं मोठं कधी वाटलं नव्हतं. त्यानंतर अर्ज झाले. लिहायचे मी, अंगठे गोळा करायचीस तू. शाईचं बोट माझ्या दारच्या कोनाड्याला पुसायचीस. तो निळा डाग अजून आहे, मी भिंत सारवताना तेवढी जागा सोडते.

सहा महिन्यांनी जीप आली. पाणी तपासणारे साहेब आले. त्यांनी ओढ्याच्या काठावर उभं राहून काळं पाणी बघितलं, नाकाला रुमाल लावला. मी म्हटलं, बघितलंत ना. ते म्हणाले, "बाई, डोळ्यांना दिसतं ते कागदावर चालत नाही. बाटलीतलं चालतं." त्यांनी दोन काचेच्या बाटल्या दिल्या. एक मुंबईला तपासायला जायची, दुसरी कचेरीत ठेवायची, पुढं वाद झाला तर असावी म्हणून. "गाव जिथलं पाणी पितं तिथलं, जसं येतं तसं भरून आणा," म्हणाले, आणि चावडीत जाऊन बसले. चावडीत सगळे बाप्ये जमले होते. मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला थांबले, माझं अक्षर चांगलं म्हणून. बाटल्या घेऊन तू गेलीस. जाताना माझ्याकडं बघून डोळा मारलास.

मग दीड महिन्यानं लखोटा आला. देवळात चाळीस बायांपुढं मीच फोडला, मीच वाचला. पाणी पिण्यास योग्य आहे. मी ते वाक्य दोनदा वाचलं. कुणीतरी मागून म्हणालं, मग आपण वरीसभर काय खोटं बोलत हुतो का? तू खांबाला टेकून बसली होतीस. मला वाटलं, तुलाही माझ्यासारखाच धक्का बसलाय. मला तुझी कीव आली, हौसा. तेवढं मी तुला माफ करू शकत नाही, की त्या दिवशी मला तुझी कीव आली आणि तू ती येऊ दिलीस.

मी आठ दिवस साहेबाला शिव्या देत फिरले. खाल्ले असतील पैसे, बदलली असतील बाटल्या. तू ऐकत होतीस आणि शेंगा फोडत होतीस. मग तुझी शालन, बिचारी, सहज बोलून गेली. "मावशी, बाटल्या बदलल्याच असत्याल. आईनं तर किती निगुतीनं भरल्या. तीनदा झिरा उपसला, मग धारेपास्नं लांब नवा काढला, धुवट फडक्यानं गाळून भरलं." पोर कौतुकानं सांगत होती. मी हातातलं सूप तिथंच टाकून निघाले.

तुझ्या दारात आले तेव्हा तू माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलंस. म्हणालीस, "हात आपसूक गेला गं. पावण्याच्या हातात गढूळ पाणी कसं द्यायचं? जल्मात कवा दिलं न्हाई." आणि मी ते मानलं. रागावले, कपाळ बडवून घेतलं, पण मानलं. असली चूक आपल्याच बाया करू शकतात. घरात चोरी झाली तरी पंचनाम्याला माणसं यायच्या आधी अंगण झाडून घेतील. मी म्हटलं, पुन्हा अर्ज करू, खरं काय ते लिहू. तू म्हणालीस, "आता नगं. थोडं दम धर."

दम कशाला धरायचा ते पुढच्या महिन्यात कळलं. तुझे फौजी पेन्शनीवर आले आणि त्यांना कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराची नोकरी लागली. ज्या फाटकातून आपण घागरी घेऊन आत गेलो, तिथं ते खाकी घालून उभे राहिले. गावानं एक अधिक एक दोन केले. मीही केले. दळण घेऊन तू बोळातून येत होतीस, तुझ्या डोक्यावर पाटी होती, आजूबाजूला चार बाया होत्या. मी मोठ्यांदा विचारलं, "किती बाटल्यांची नोकरी गं, हौसा?"

तू पाटी सावरलीस आणि निघून गेलीस. एकाला चार ऐकवणारी बाई एक शब्द बोलली नाही. मी तेच तुझं कबूल करणं समजले. त्यानंतर आपण बोललो नाही.

दोन वर्षं, हौसा. एका बोळात राहून दोन वर्षं. बाया फुटल्या, पुन्हा अर्ज काढायचं नाव काढलं की म्हणायच्या, योग्य हाय म्हणून कागद आलाय की. अर्धा कोस चालून आम्ही मळ्यातल्या विहिरीवर जायला लागलो. तू मात्र ओढ्यावर एकटी जायचीस. डोक्यावर घागर, मान ताठ, आमच्या पुढून. मी बायांना म्हणायची, बघा कशी मिरवते, कारखान्याचं पाणी गोड लागतंय हिला. कारखान्याची बाई. हा शब्द मी काढला. गावात रुळला.

मग तुला कावीळ झाली. सांगलीला नेलं, पंधरा दिवसांनी परत आणलं. शालन मला बोलवायला आली तेव्हा मी कण्या निवडत होते. मी तिला थांबवून ठेवलं, सगळ्या कण्या निवडल्या, मग निघाले. तुझं तोंड हळदीसारखं झालं होतं. तू फौजींना बाहेर जायला सांगितलंस. नोकरीचं मी विचारण्याआधीच म्हणालीस, "त्येंच्या नोकरीचा आन् त्येचा काय संबंद न्हाई. असता तर बरं झालं असतं. इकलं म्हणता आलं असतं." मग डोळे मिटून म्हणालीस, "पयली बाटली सवयीनं भरली, सुमे. दुसरी समजून."

मला आधी कळलंच नाही. तू थांबत थांबत सांगितलंस. पहिली बाटली भरून बूच लावलंस, उन्हात धरलीस आणि तेव्हा तुझ्या ध्यानात आलं, की हे काय करून बसलो. दुसरी बाटली ओढ्यात बुडवणारच होतीस. "म्हटलं, एक नितळ आन् एक काळी घिऊन चावडीत गेले तर सगळी हसत्याल. म्हणत्याल, ह्या बाया भांडायला आल्यात, ह्यास्नी बाटली भराया बी येत न्हाई. सरपंचमामाचं तोंड डोळ्यांपुढं आलं गं. मग दुसरी बी तशीच भरली. गाळून. पयलीला जोडीला जोड."

मी म्हटलं, "पन्नास पावलं होती ओढ्यापासून चावडी. पहिली ओतून देऊन पुन्हा भरली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"त्ये बी सुचलं हुतं," तू म्हणालीस. "पर तवर चावडीतनं हाक आली. बाई, भरताय का शेला इणताय? म्हणून हसली समदी. मग पाय उचलले."

मी उठले आणि घरी आले. तुला पाण्याचं विचारलं नाही, पांघरूण नीट केलं नाही. रस्त्यात मला शालननं गाठलं. म्हणाली, "मावशी, आईवर रागवू नगा. त्या कागदाच्या दिवसापास्नं ती दुसरं पाणी पिली न्हाई. ओढ्याचंच प्याली. झिरा न उपसता, न गाळता. आमाला मळ्यातलं, ती ह्ये. मी किती रडले. म्हणायची, माझ्या हातनं योग्य झालंय, मीच प्यायला पायजे."

हौसा, हे ऐकून मला पाझर फुटला असेल असं तुला वाटत असेल, तर नाही. मला आणखी राग आला. मी अर्धा कोस चालत असताना तू माझ्या डोळ्यांपुढून ते पाणी घेऊन जायचीस, मी तुला कारखान्याची बाई म्हणायची आणि तू म्हणू द्यायचीस. प्रायश्चित्त घ्यायचं तर माझ्यापुढं घ्यायचं. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या दारात यायचं, शाईचं बोट पुसायचीस त्या कोनाड्यापाशी उभं राहायचं आणि म्हणायचं, चुकलं. मी आकाशपाताळ एक केलं असतं, चार दिवस जेवले नसते, आणि पाचव्या दिवशी आपण दोघींनी नवा अर्ज लिहिला असता. तू सरपंचाच्या हसण्याला भ्यालीस ते मी समजू शकते. मला का भ्यालीस?

चौथ्या दिवशी सकाळी शालन धावत आली. तुझा घसा सुकत होता. तू पाणी मागत होतीस आणि ते माझ्याच हातनं मागत होतीस. घरात मळ्यातल्या पाण्याची घागर भरलेली होती. तू मानेनंच नको म्हणालीस. मी तांब्या घेऊन ओढ्यावर गेले. वाळूत खड्डा घेतला, आलं ते पहिलंच पिवळं पाणी घेतलं, काहीही उपसलं नाही. म्हटलं, पी बाई, तुझा हट्ट पुरा कर. तुझ्या उशाशी आले, वाटी घेतली आणि ओतायला लागले. वाटी अर्धी भरली तेव्हा मी खाली बघितलं. वाटीच्या तोंडावर माझा पदर होता, चौपदरी घडी घातलेला. मी गाळत होते.

मी कधी घडी घातली मला ठाऊक नाही. तुझी शपथ, नाही ठाऊक. तू वाटीकडं बघितलंस, मग माझ्या हाताकडं बघितलंस. तुझ्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. ते हसणं होतं की कळ होती, ते मी ठरवू शकले नाही. दोन घोट घेतलेस. दुपारी गेलीस.

तेव्हा पहिली बाटली मी तुला माफ केली. पुरती केली. दुसरीचं काय करू ते सांगायला तू थांबली नाहीस.

कारण आता मला लिहायचं आहे. दहाव्याहून परत आले, आंघोळ केली आणि मास्तरांकडून कोरे ताव मागून घेतले. ओढा काळाच आहे. गेल्या आठवड्यात ओढ्यात डुंबलेली खालच्या आळीतली दोन पोरं पिवळी पडली. पुन्हा तपासणी मागायची तर मागची का चुकली ते सांगावं लागणार. साहेबाचा यात दोष नव्हता, बाटल्या कुणी बदलल्या नव्हत्या. दोन्ही बाटल्या सवयीनं गाळल्या गेल्या, असं लिहिलं तर तुझं नाव राहतं, शालनचं लग्न ठरायचं आहे त्याला धक्का लागत नाही. तसं लिहायला घेतलं. पहिल्या बाटलीपुढं 'सवयीने' लिहिलं. दुसरीपुढं पुन्हा तेच लिहिणार, एवढ्यात हात थांबला. अगं, हेच तर तू केलंस. लाजेखातर दुसरी पहिलीसारखी भरलीस. आणि मी इथं पाटावर बसून तेच करत होते.

आणि आता तुला एक सांगते, जे मीही दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी चावडीत बाटल्यांवर चिठ्ठ्या मी चिकटवल्या. पाणी नितळ होतं. मी बघितलं होतं, हौसा. काचेतून तसं दिसत असेल, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे एवढ्या बाप्यांपुढं तुला काय विचारायचं, म्हणून विचारलं नाही. माझं अक्षर किती छान आलंय, असं साहेब म्हणत होते, ते ऐकत उभी राहिले. मग देवळात लखोटा वाचून साहेबाला शिव्या दिल्या, बोळात तुला शिव्या दिल्या. तुला एकटीला आरोपी केलं, म्हणजे मी फिर्यादी झाले.

शालनला आज सकाळी अर्ज वाचून दाखवला. म्हटलं, तुझ्या आईचं नाव येतंय, तू नको म्हण, मी फाडते. तिनं चुलीत फुंकर घातली. मग म्हणाली, "आई प्याली की दोन वरसं. आता किती लपवायचं?" आणि स्वतःची सही केली. अंगठा नाही, सही. तूच तिला माझ्याकडं शिकायला पाठवत होतीस.

तर तुझ्या नावापुढं 'दुसरी समजून भरली' असं लिहिलंय. त्याखाली, चिठ्ठी लावणाऱ्या बाईनं ते बघितलं होतं आणि ती गप्प बसली, असं लिहून माझी सही केली आहे. राग आला असेल तर येऊ दे. माझा तुझ्यावरचा अजून गेलेला नाही, बरोबरी होईल.

अर्ज सोमवारी टपालात टाकणार आहे, साहेबांची जीप येईल तेव्हा येईल. बाटल्या भरायला मी जाणार. पहिलंच पाणी, वाळूचं, जसं येईल तसं. फडकं घरी ठेवणार आहे आणि पदर कमरेला गच्च खोचून जाणार आहे. माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही.